मेलेल्याला सांगता येतील असे शब्द

प्रा. पद्मलबाई चौगुले यांची आणि माझी पहिली भेट एका परक्या माणसाच्या रक्षाविसर्जनाला झाली. आमच्या गल्लीतले सुतार नाना वारले होते. पंचगंगेच्या घाटावर रक्षा सावडून झाली, निवद मांडला, आणि आम्ही सगळे मागं सरकून कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. कावळे होते, पण शिवत नव्हते. नानांच्या मुलानं हात जोडून एकेक गोष्ट कबूल करायला सुरुवात केली. धाकटीचं लग्न झालं, हत्यारांची पेटी झाली, म्हातारीचं औषधपाणी झालं. कावळे मान वाकडी करून बघत बसले. शेवटी तो म्हणाला, "नाना, आता सलाईन कोण लावणार न्हाय तुमास्नी. सुई काढलीया. हात मोकळा हाय तुमचा." आणि कावळा उतरला.

पिंपळाखाली एक बाई एकट्याच उभ्या होत्या. पांढरट सुती साडी, हातात छत्री, चेहऱ्यावर दुःख नाही आणि कुतूहलही नाही. नानांच्या घरच्या कुणी त्यांना ओळखत नव्हतं. माझे चुलते स्वभावानं आडवे. ते सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुमी कुणाकडल्या म्हणायच्या?"

"कुणाकडचीच नाही," बाई म्हणाल्या. "मी ऐकायला आले होते."

चुलत्यांनी घरी येऊन हे सगळ्यांना सांगितलं. गल्लीत पुढं आठवडाभर तोच विषय होता. कुणी म्हणालं, ती बाई करणी करते. कुणी म्हणालं, तिचं कोणीतरी नदीत गेलंय म्हणून ती तिथं येते. मी त्या वेळी मराठी घेऊन एम.ए. करत होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो, म्हणून घाटावर मागं राहून मी त्यांना विचारलं होतं, की काय ऐकलंत? त्यांनी मलाच उलटा प्रश्न केला. "सलाईन म्हणताना त्याची जीभ अडखळली का हो?" मी म्हणालो, नाही. "मग तो शब्द आता घरचा झाला," त्या म्हणाल्या आणि छत्री उघडून गंगावेशीकडं चालू लागल्या. 

बाईंना यंदा पंचाहत्तर वर्षं पूर्ण होताहेत. गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला कळवलंय, की कार्य, मूल्यं आणि आठवणी अशा क्रमानं लिहा आणि प्रकृतीविषयी काही लिहू नका. पहिली सूचना मी जमेल तेवढी पाळीन. दुसरी पाळणार नाही. बाईंच्या छातीत पेसमेकर आहे, त्याची बॅटरी संपत आलीय, आणि बाई ती बदलून घ्यायला तयार नाहीत. भाऊ सांगून थकला, भाच्या रडून थकल्या, डॉक्टरांनी तर हात टेकले. हा ग्रंथ बाई पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणार, शुद्धलेखनाच्या चुकांवर खुणा करणार, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. त्यामुळं मला जे म्हणायचं आहे ते मी इथंच म्हणणार.

आधी कार्य.

बाई हातकणंगल्याजवळच्या जैन शेतकरी घरातल्या. कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात त्यांनी नोकरीची सगळी वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. तरुणपणी त्या शास्त्रीय परिभाषा ठरवणाऱ्या एका समितीवर होत्या. इंग्रजी शब्द आला, की त्याला संस्कृतातून कपडे शिवायचे हे त्या समितीचं काम, आणि बाई ते मन लावून करत. पेसमेकरसाठी 'हृद्गतिधारक' हा शब्द त्यांचाच. आता तो आठवला की त्या स्वतःच हसतात. म्हणतात, "माझे शब्द कागदावरच वारले. त्यांचा दिवससुद्धा कुणी घातला नाही."

मग त्यांच्या प्रयोगशाळेतले जुने परिचर वारले. बाई रक्षाविसर्जनाला गेल्या. जैनांमध्ये पिंड नाही, कावळा नाही, त्यामुळं हा सगळा प्रकार त्या पहिल्यांदाच बघत होत्या. कावळा शिवेना, तेव्हा परिचरांच्या भावानं सांगितलं, "ॲसिडच्या बाटल्या कपाटात ठिवल्यात दादा, कुलूप घातलंय." कावळा लगेच शिवला. जमलेल्यांना हायसं वाटलं, आणि बाईंना वाटलं की आपल्या समितीला आजवर जे समजलं नव्हतं ते इथं समोर घडतंय. माणूस जिवंत माणसापुढं इंग्रजी शब्द अनेक कारणांनी वापरतो. रुबाब दाखवायला वापरतो, भीती लपवायला वापरतो, दुसरा शब्द माहीत नाही म्हणूनही वापरतो. मेलेल्या माणसापुढं यातलं एकही कारण उरत नाही. तिथं फक्त एवढंच बघितलं जातं, की त्याला कळेल का.

त्या दिवसापासून बाई घाटावर जाऊ लागल्या. त्यांचे नियम ठरलेले होते. नदीवर काही लिहायचं नाही, रेकॉर्ड तर मुळीच करायचं नाही. कुणी हटकलं तर खरं सांगायचं आणि निघून जायचं. घरच्यांना त्या वेळी एकही प्रश्न विचारायचा नाही. हे काम असं होतं, की त्यासाठी अनुदान मागायला तोंड नव्हतं आणि परिसंवादात सांगितलं तर लोक हसत. बाईंनी ते कुणाच्या हसण्याची फिकीर न करता केलं.

त्यांच्या निष्कर्षांवर इतरांनी या ग्रंथात विस्तारानं लिहिलंय, म्हणून मी थोडक्यात सांगतो. परका शास्त्रीय शब्द आधी डॉक्टरच्या तोंडी असतो. तिथून तो नातेवाईकांच्या हाती येतो, आणि ते त्याला गरम भांडं फडक्यात धरावं तसं धरतात. "ते काय म्हणत्यात, ऑक्सिजन." हळूहळू ते 'काय म्हणत्यात' गळून पडतं. मग शब्दाला आपली क्रियापदं चिकटतात. ऑक्सिजन आपण लावतो, सलाईन चढवतो, आणि साखर वाढावी तशीच शुगर वाढते. बाई म्हणतात की नाव बाहेरून येतं, पण त्याला चालवतो आपणच. आणि शेवटी केव्हातरी तो शब्द घाटावर, गेलेल्या माणसाला उद्देशून उच्चारला जातो. त्यानंतर तो परत जात नाही. मी त्यांना एकदा चिडवलं, की बाई, म्हणजे भाषेत शिरायला शब्दाला एक मयत लागतं. त्या हसल्या नाहीत. "लागतं," म्हणाल्या.

साथीच्या काळातली गोष्ट मात्र मला कधीच नीट सांगता आलेली नाही. घाटावर माणसांना यायला बंदी होती. एवढे नवे शब्द एकदम जिल्ह्यात उतरले, पॉझिटिव्ह, सॅच्युरेशन, व्हेंटिलेटर, आणि ते सांगायला तिथं कुणी नव्हतं. बंदी उठल्यावर बाई पहिल्यांदा नदीवर गेल्या तेव्हा मी बरोबर होतो. कठड्यावर कावळे ओळीनं बसले होते. आम्ही दोघं आल्यावर ते उडाले नाहीत. सगळे आमच्याकडं बघत राहिले, आता कुणीतरी बोलेल या अपेक्षेनं.  बाई म्हणाल्या, "हे शब्द बसलेच नाहीत तानाजीराव. हे फिरतायत अजून." आजही आमच्याकडं 'व्हेंटिलेटर' म्हणताना लोक आवाज खाली आणतात. तुम्ही लक्ष देऊन ऐका. भरल्या घरात ऐका, दुपारच्या चहाच्या वेळी ऐका. तो एक शब्द आला, की माणूस इकडंतिकडं बघतो.

आता मूल्यांविषयी. बाई खोटं बोलत नाहीत. गौरवलेखात असं वाक्य सगळ्यांविषयीच लिहितात, पण बाईंच्या बाबतीत हा गुण आहे की त्रास, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एकदा त्या एका इस्पितळात मैत्रिणीला बघायला गेल्या होत्या. बाहेर बाकावर गडहिंग्लजकडचं एक कुटुंब बसलेलं. त्यांचा मुलगा कागलच्या एमआयडीसीत कामाला होता, अपघात होऊन आत होता. डॉक्टर बाहेर येऊन "पेशंट स्टेबल आहे" असं सांगून गेले. म्हाताऱ्या बापानं सुस्कारा टाकला, पिशवी उचलली आणि म्हणाला, "चला, स्टेबल झालंय पोरगं. शेवटची एसटी गावंल." बाई उठून त्यांच्या आडव्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "स्टेबल म्हणजे बरा नव्हे. आहे तिथंच आहे, एवढाच अर्थ. जाऊ नका तुम्ही." त्या माणसांना त्यांचा राग आला. आनंदाच्या वेळी अपशकुन केला असंच वाटलं त्यांना. पण ते थांबले, आणि मुलगा गेला तेव्हा आईचा हात त्याच्या कपाळावर होता. पुढं कित्येक वर्षं त्या घरातून बाईंकडं नव्या गुळाची ढेप यायची. बाईंना शुगर आहे. त्या ती ढेप आमच्याकडं पाठवत आणि आमच्या आईला सांगत, "त्या पोराच्या नावानं खा."

आमच्या आबांनाही त्यांनी खरं तेच सांगितलं होतं.

माझे वडील, आबा, शेतकरी माणूस. ठोके मंद पडायला लागले म्हणून त्यांच्या छातीत पेसमेकर बसवला. त्यानंतर ते चांगली सहा वर्षं जगले, म्हशी पाळल्या, भांडणं केली. पण आईनं त्या सहा वर्षांत तो शब्द कधी तोंडातून काढला नाही. ती त्याला 'ते' म्हणायची. "त्येला धक्का लागंल, सावकाश उठा." आणि तिचं म्हणणं असं, की तिला ते ऐकू येतं. बाई घरी आल्या की तिला समजावत, त्याला आवाज नसतो, मी वाचलंय, डॉक्टरांना विचारलंय. आई भाकरी थापता थापता शांतपणे म्हणायची, "तुमास्नी येत नसंल."

एके दिवशी आबांनी बाईंना विचारलं, "बाई, तुमी शिकलेल्या. मी गेल्यावर हे बंद हुतंय न्हवं आपुआप?"

दुसऱ्या कुणीही 'हो' म्हटलं असतं. बाई म्हणाल्या, "नाही आबा. बॅटरी आहे तोवर ते चालतं. माणूस गेलं हे त्याला कळत नाही. काढून घ्यावं लागतं."

आबांनी छातीवर हात ठेवला. "म्हंजे मी मेलो तरी ते बडवत बसणार," म्हणाले, आणि पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. पण त्या दिवसापासून ते झोपताना कुशीवर झोपायला लागले, कान उशीत दाबून.

आबा गेले. तिसऱ्या दिवशी आम्ही घाटावर होतो. निवदात त्यांना आवडायचं ते सगळं होतं. कावळे आले, कठड्यावर बसले, पण एकही खाली येईना. चुलत्यांनी बांधाचा वाद मिटवल्याचं जाहीर केलं. मी आईला अंतर देणार नाही असं सांगितलं. बहिणीनं म्हशी विकणार नाही म्हणून सांगितलं. ऊन डोक्यावर आलं. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. पिंपळाखाली बाई उभ्या होत्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसत होतं. त्यांना उत्तर माहीत होतं असं मला आज वाटतं, पण त्यांचा नियम होता, की घाटावर आपण बोलायचं नाही.

तेवढ्यात आई पुढं झाली. पदर डोक्यावर घेतला आणि आबा समोर बसलेत अशा सुरात बोलली. "पेसमेकर काढलाय तुमचा. डाक्टरनी काढला, मी डोळ्यानं बगितलाय. आता आत काय चालू न्हाय. निजा."

सहा वर्षं न उच्चारलेला शब्द. एक अक्षर इकडं नाही की तिकडं नाही. कावळा उतरला, घास उचलला आणि नदीवरून निघून गेला. त्याच्यामागं बाकीचे सगळे गेले. घाटावर एवढी शांतता झाली, की पाण्याचा आवाज स्पष्ट ऐकू यायला लागला. मी बाईंकडं बघितलं. त्या दोन्ही हातांनी छत्री धरून उभ्या होत्या. त्या दिवशी त्या आमच्याबरोबर चहाला आल्या नाहीत.

नंतर मी माझ्या प्रबंधात 'पेसमेकर' या शब्दाची नोंद केली. त्यासाठीची सगळी सामग्री, आयुष्यभर डोक्यात साठवलेली, बाईंनी मला समोर बसून सांगितली आणि प्रस्तावनेत स्वतःचं नाव एका ओळीच्या वर येऊ दिलं नाही. त्यांनी मला जे दिलं त्याची परतफेड होणार नाही, हे मी इथं सरळच लिहून टाकतो.

आणि मग बाईंनाच चक्कर यायला लागली. जिन्यात पडल्या. तपासण्या झाल्या आणि त्यांच्याही छातीत पेसमेकर बसला. तो आता म्हातारा झालाय.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याशी भांडायला म्हणून गेलो. त्या गॅलरीत बसून मेथी निवडत होत्या.

"बॅटरी संपली तर काय होतं माहीत आहे ना?" मी विचारलं.

"लिथियम मीच शिकवलंय पोरांना. मला काय विचारतोस?"

"मग भीती कसली? अर्ध्या दिवसाचं काम आहे."

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "मरणाची नाही रे. नवी बॅटरी घातली, तर ती माझ्यापेक्षा जास्त टिकणार. म्हणजे मी गेल्यावर ते चालू राहणार. आहे तीच राहू दे. मग ते आणि मी बरोबरच थांबू."

मी म्हणालो, बाई, काढतात की ते. तुम्हीच सांगितलं होतं आबांना.

"काढतील. पण मला कोण सांगणार?" त्या म्हणाल्या. "आबांना तुझ्या आईनं सांगितलं. आमच्यात नदी नाही, कावळा नाही. तिसऱ्या दिवशी सगळे शांतपणे मंदिरात जाऊन येतात. आत्मा क्षणात पुढं गेलेला असतो, ऐकायला थांबतच नाही, असं आमचं शास्त्र सांगतं. मला ते पटतं." मग मेथीची जुडी परत उचलून म्हणाल्या, "दिवसा पटतं."

जन्मभर प्रयोगशाळेत उभी राहिलेली ही बाई. मला हसू यायला हवं होतं. पण त्या मान किंचित कलती करून ऐकायला लागल्या. घाटावर ऐकत तशाच. कॉलनीत त्या वेळी कसलाच आवाज नव्हता. "तुझी आई खरं सांगत होती," त्या म्हणाल्या. "येतं ऐकू."

मी भांडण अर्धवट टाकून घरी आलो. आईला सगळं सांगितलं. आई आता थकलीय, डोळ्यांना कमी दिसतं, पण तिनं एवढं ऐकून घेतलं आणि माझ्यावरच तडकली.

"मग त्यात काय अवघड हाय? त्यास्नी म्हणावं, बदलून घ्या बॅटरी. मी हाय की सांगाय. कावळा नसंना का. कानात सांगीन."

मी म्हणालो, "आई, तू त्यांच्याहून मोठी आहेस."

"मग तू सांगशील. तुला काय तोंड न्हाय व्हय?"

माझी आई शाळेत गेलेली नाही आणि बाईंच्या संशोधनाचं तिला काही घेणंदेणं नाही. तिला फक्त एवढं समजतं, की गेलेल्या माणसाला कुणीतरी नीट सांगायला हवं, आणि ज्याला सांगायला कुणी नाही त्याला भीती वाटणारच. मी भाषेचा प्राध्यापक. मला हे सुचलं नाही.

बाईंच्या भावाला मी विचारलंय. ते म्हणाले, आमच्यात अशी रीत नाही, पण मनाई आहे असंही कुठं ऐकलं नाही. अक्काच्या मनाला बरं वाटत असेल तर या. तेव्हा बाई, या ग्रंथाचे जे कोणी वाचक असतील त्या सगळ्यांच्या साक्षीनं सांगतो. त्या वेळी मी तुमच्याजवळ असेन. ते काढताना मी तिथं उभा राहीन, स्वतःच्या डोळ्यांनी बघीन, आणि मग तुमच्या कानाशी वाकून मोठ्यानं सांगीन, की पेसमेकर काढलाय बाई, आता आत काही चालू नाही. तुमचं शास्त्र खरं असलं आणि तुम्ही पुढं निघून गेलेल्या असलात, तर माझं एक वाक्य वाया जाईल. जाऊ दे. तुम्ही मात्र एकट्यानं ऐकत पडून राहणार नाही.

म्हणून बॅटरी बदलून घ्या. ती संपली की दुसरी घाला, आणि तीही संपू द्या. माझी एवढीच इच्छा आहे, की तुम्हांला ते सांगायची वेळ येईल तेव्हा मी इतका म्हातारा झालेला असावा, की तुमच्या कानाशी वाकायला दुसऱ्या कुणालातरी मला धरावं लागेल.